टॉन्सिल काढल्यानंतर तोंडाची चव का बदलते?

टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया कान-नाक-घसा विभागात नित्याची समजली जाते. बहुधा तासाभरात ती आटोपते, रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो आणि दोन आठवड्यांत घसा भरून येतो. रक्तस्राव, भुलीचे परिणाम, गिळताना होणाऱ्या वेदना यांची पूर्वकल्पना रुग्णाला दिली जाते. काहींच्या वाट्याला मात्र याखेरीज आणखी एक अनुभव येतो आणि त्याविषयी त्यांना कोणी काहीच सांगितलेले नसते. घसा दुखायचा थांबतो, भूक परतते, समोर आवडीचे ताट येते आणि पहिल्याच घासाला लक्षात येते की चव पूर्वीची राहिलेली नाही.

प्रस्तुत लेखकाने हा अनुभव स्वतः घेतला आहे. बंगळुरूच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर येथे राहत असताना वयाच्या चौतिसाव्या वर्षी टॉन्सिल काढून घेण्याची वेळ आली. वर्षातून सात-आठ वेळा घसा धरत होता, प्रत्येक वेळी ताप येत होता आणि बातम्यांच्या भाषांतराचे काम पाळीचे असल्याने रजा पुरत नव्हत्या. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. बाराव्या दिवशी घराजवळच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खाण्याच्या तिथल्या उपाहारगृहात, चौ चौ भात मागवला. एकाच बशीत रव्याचा तिखट खारा भात आणि शेजारी गोड केसरी भात, अशी ही बंगळुरूची न्याहारी. केसरी भात जिभेच्या टोकावर गोड लागला आणि गिळताना घशाशी कडू झाला. कॉफीची चव तर कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक कळकते, तशी. फेरतपासणीत डॉक्टरांनी घसा उत्तम भरत असल्याचे सांगितले. चवीच्या तक्रारीवर ‘होईल हळूहळू’ एवढेच उत्तर मिळाले. घरच्यांना आधी करोनाची शंका आली आणि ती चाचणीत फिटल्यावर मनाचे खेळ असावेत, असे सर्वांचे मत पडले.

हे मनाचे खेळ नाहीत. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर चवीत बदल होऊ शकतो, ही वैद्यकशास्त्रात नोंदलेली गोष्ट आहे आणि तिचे कारण मुख्यतः शरीराच्या रचनेत सापडते.

टॉन्सिलच्या पाठीशी असलेली चेता

आरशासमोर तोंड उघडून पाहिले असता पडजिभेच्या दोन्ही बाजूंना, दोन पडद्यांच्या मधल्या खोबणीत ज्या मांसल गाठी दिसतात, त्या म्हणजे टॉन्सिल. नाकातोंडावाटे शिरणाऱ्या जंतूंची ओळख शरीराला करून देणाऱ्या पेशी त्यांत असतात. घशाच्या प्रवेशद्वाराभोवती अशा ऊतींचे एक कडेच असते आणि जर्मन शरीररचनातज्ज्ञ वाल्डायर यांच्या नावाने ते ओळखले जाते. प्रत्येक टॉन्सिलला बाहेरच्या बाजूने एक पातळ वेष्टन असते. शल्यचिकित्सक या वेष्टनाला धरूनच टॉन्सिल तिच्या खोबणीतून सोडवतो. वेष्टनाच्या पलीकडे घशाच्या स्नायूचा एक पातळ थर असतो आणि त्याच्याही पलीकडे, टॉन्सिलच्या खालच्या टोकाच्या पातळीवर, मेंदूतून निघालेल्या नवव्या चेतेची एक शाखा जिभेकडे वळते. या चेतेला शास्त्रीय मराठीत जिव्हाग्रसनी चेता म्हणतात. जिभेच्या मागच्या एक तृतीयांश भागाची चव आणि स्पर्श या दोन्ही संवेदना तीच मेंदूपर्यंत पोहोचवते.

स्नायूचा हा थर सर्वांच्या घशात सारख्या जाडीचा नसतो. जपानमधील संशोधकांनी मृतदेहांच्या विच्छेदनातून केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक पंचमांश ठिकाणी ही शाखा टॉन्सिलच्या वेष्टनाला थेट चिकटलेली आढळली. अशा घशात अत्यंत कुशल हातालाही टॉन्सिल सोडवताना चेतेला धक्का न लावणे अवघड जाते. बाहेरून तपासून ही रचना आधी कळत नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर चव बदलली म्हणजे डॉक्टर चुकले, असे समजण्याचे कारण नाही.

चेतेला इजा होण्यासाठी ती कापलीच जावी लागते असेही नाही. रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेच्या उष्णतेने रक्तवाहिन्या बंद केल्या जातात आणि ती उष्णता स्नायूच्या पातळ थरापलीकडे पोहोचू शकते. खोल घातलेला टाका, नंतर येणारी सूज आणि जखम भरताना तयार होणारा वण यांचाही ताण चेतेवर पडतो. ज्यांना टॉन्सिलनंतर कानात ठणका लागल्याचे आठवत असेल, त्यांनी याच चेतेचा प्रताप अनुभवलेला असतो. तिची एक शाखा मध्यकर्णाकडे जाते आणि घशातील वेदना मेंदूला कानातील वाटते. कान तपासून घेतला तर तो निरोगी निघतो.

दुसरे कारण अधिक साधे आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा जबडा उघडा आणि जीभ खाली दाबलेली राहावी म्हणून तोंडात धातूची चौकट बसवतात. तिची पट्टी जिभेच्या मध्यावर आणि मुळावर दाबून बसते. शस्त्रक्रिया लांबली तर जिभेचा रक्तपुरवठा आणि तिच्यातील चेता तेवढा वेळ दाबाखाली राहतात. या प्रकारात जिभेला बधिरपणा येतो, कधी टोकापर्यंत मुंग्या येतात. ही तक्रार बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप मिटते.

जिभेचा खोटा नकाशा

आमच्या पिढीने शालेय पुस्तकांत जिभेचा एक नकाशा पाहिलेला आहे. टोकाला गोड, कडांना खारट व आंबट आणि मुळाशी कडू, असे त्यात दाखवलेले असे. १९०१ साली हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनक्षमतेतील लहानसे फरक मोजले होते. पुढे १९४२ साली बोरिंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या ग्रंथात त्यांची मांडणी अशी झाली की लहान फरक मोठे वाटू लागले आणि पाठ्यपुस्तकांनी त्यांचे चक्क प्रांत करून टाकले. १९७४ साली व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी हे मोजमाप पुन्हा केले आणि रुचिकलिका असलेल्या सर्व भागांना सर्व मूलभूत चवी कळतात, हे दाखवले. या चवी म्हणजे गोड, आंबट, खारट, कडू आणि १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदा यांनी ओळखलेली उमामी.

हा नकाशा खोटा असल्याचे टॉन्सिलच्या रुग्णाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो खरा असता, तर मागची चेता दुखावल्यावर फक्त कडू चव नाहीशी झाली असती आणि कारल्याची भाजी गोड लागली असती. प्रत्यक्षात तसे होत नाही. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव सातव्या चेतेची एक शाखा नेते. ती मध्यकर्णातून जाते आणि टॉन्सिलपासून दूर असते. घशाच्या खालच्या भागातील थोड्या रुचिकलिका दहाव्या चेतेकडे आहेत. त्यामुळे टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर चव पूर्णपणे जाणे ही फारच विरळा गोष्ट आहे. जाते ती चवीची मागची बाजू, म्हणजे घास गिळताना येणारा तिचा शेवट.

मग केसरी भात कडू का लागावा? नसलेली चव जाणवण्यामागे मेंदूचे हिशेब असावेत, असे संशोधक मानतात. चवीच्या निरनिराळ्या चेता मेंदूत एकमेकींना काहीशा दाबून ठेवतात. एकीचा आवाज मंदावला की दुसरीवरचा दाब सुटतो आणि ती मोठ्याने बोलू लागते. जिभेच्या पुढच्या भागाकडील चेतेला तात्पुरती भूल देऊन केलेल्या प्रयोगांत विरुद्ध बाजूच्या मागच्या भागाची चव तीव्र झाल्याचे, काहींना तर तोंडात काहीही नसताना चव जाणवल्याचे आढळले आहे. अर्धवट दुखावलेली चेता स्वतःही चुकीचे संदेश पाठवू शकते. रुग्णाला जाणवणारी कडू किंवा धातूसारखी चव अशी दोन्ही वाटांनी येऊ शकते.

किती जणांना, किती काळ?

या प्रश्नाचे उत्तर अभ्यासागणिक बदलते. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी मिळून केलेला एक अभ्यास २०१० साली आणि त्याच रुग्णांचा पुढील पाठपुरावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर लगेचच्या काळात सुमारे एक तृतीयांश रुग्णांनी चव बदलल्याचे सांगितले. सहा महिन्यांनी हे प्रमाण आठ टक्क्यांवर आले आणि अडीच-तीन वर्षांनी एक टक्क्याच्या आसपास उरले. याउलट २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात चवीच्या पट्ट्या जिभेवर ठेवून मोजमाप केले असता शस्त्रक्रियेपूर्वीच्या आणि नंतरच्या आकड्यांत उल्लेखनीय फरक आढळला नव्हता.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. पट्टी जिभेवर ठेवून विचारलेला प्रश्न ‘ही चव ओळखता येते का’ असा असतो आणि जेवणाऱ्या माणसाची तक्रार ‘ही चव मला माहीत असलेली चव नाही’ अशी असते. मोजमाप बरोबर येते म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात या मुद्द्यावर जे गैरसमज होतात, त्यांचे मूळ बहुधा इथेच असते.

मुलांविषयी तर माहिती आणखी तुटपुंजी आहे. टॉन्सिल काढण्याची विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक लाटच आली होती. न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली शाळेतील १००० मुलांची पाहणी झाली, तेव्हा ६११ मुलांच्या टॉन्सिल आधीच काढलेल्या होत्या आणि उरलेल्यांपैकीही जवळजवळ निम्म्यांना डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. एवढ्या मुलांपैकी किती जणांची चव बदलली असेल, हे आता कळण्याचा मार्ग नाही. सहा वर्षांचे मूल ‘माझी चव बदलली’ असे म्हणत नाही. ते फक्त ताट सरकवते आणि घरातील मोठी माणसे त्याला खाण्याची थेरं म्हणतात.

खारट म्हणजे खारा नव्हे

चवीची तक्रार सांगायची तर शब्द लागतात आणि बंगळुरूसारख्या शहरात मराठी माणसाची अडचण इथेच होते. मराठीत खारा किंवा खारट म्हणजे मिठाचा. कन्नडमध्ये खारा म्हणजे तिखट. म्हणूनच खारा भातात मीठ बेताचे आणि मिरची भरपूर असते. फेरतपासणीत लेखकाने इंग्रजी, हिंदी आणि मोडक्या कन्नडच्या मिश्रणात ‘सगळे खारे लागते’ असे सांगितले आणि कन्नड भाषक डॉक्टरांनी तिखट कमी खाण्याचा सल्ला दिला. त्यांचे काही चुकले नव्हते. जखम ओली असताना तिखट लागणारच. खारट लागण्याची चौकशी मात्र राहून गेली.

संस्कृतातून मराठीत येतानाही अशीच अदलाबदल झाली आहे. आयुर्वेदातील सहा रसांपैकी कटु म्हणजे आपले तिखट आणि तिक्त म्हणजे आपले कडू. शब्दाच्या रूपावरून कटु म्हणजे कडू असे समजणारा वाचक चुकतो. त्यात भर म्हणजे तिखट ही आधुनिक शरीरशास्त्राच्या हिशेबी चवच नाही. मिरचीचा झोंबणारा गुण पाचव्या चेतेच्या वेदनावाहक तंतूंना कळतो, रुचिकलिकांना नाही. तुरटपणाही बराचसा स्पर्शाचा भाग आहे. ज्याची चव बिघडली आहे, त्याला म्हणूनच ठेचा पूर्वीइतकाच झोंबतो आणि ‘तिखट तर कळते आहे, मग चव कुठे गेली?’ असा उलट प्रश्न घरचे विचारतात.

डॉक्टरांकडे जाताना ‘तोंडाला चव नाही’ एवढेच सांगू नये. आपल्या बोलण्यात ते वाक्य तापापासून रुसव्यापर्यंत सगळ्यासाठी चालते. चव कमी झाली, वेगळी झाली की काही खाल्लेले नसतानाही तोंडात राहते, हे तीन वेगळे प्रकार आहेत. घास तोंडात असताना की गिळताना, जिभेच्या एका बाजूला की दोन्हीकडे, हेही सांगावे. साखर, मीठ, लिंबू आणि साखरेविना कॉफी हे चार पदार्थ घरी एकेक करून जिभेवर ठेवून काय लागते ते टिपून नेले, तर तपासणाऱ्याचे काम पुष्कळ सोपे होते.

सगळा दोष टॉन्सिलचा नसतो

आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग वासाचा असतो. नाक चिमटीत धरून वेलदोडा चावून पाहावा. तोंडाला किंचित गार, किंचित कडसर एवढेच जाणवते आणि नाक सोडताच वेलदोडा प्रकट होतो. शस्त्रक्रियेनंतर नाक चोंदलेले असेल किंवा मऊ टाळूला सूज असेल, तर घशातून नाकाकडे जाणारा वास अडतो आणि अन्न बेचव लागते. २०२० नंतर वास व चव गेल्याची तक्रार आली की पहिली शंका करोनाची घेतली जाते आणि तपासून पाहण्यात गैर काही नाही. साखर गोड आणि मीठ खारट नीट कळत असेल पण कॉफी आणि चहा यांत फरक कळत नसेल, तर दोष बहुधा नाकाकडे आहे. साखर-मीठच बदलले असेल, तर जिभेकडे.

औषधेही चव बदलतात. मेट्रोनिडॅझोलने तोंडात धातूची चव येते, क्लॅरिथ्रोमायसिनने कडवटपणा येतो आणि क्लोरहेक्सिडीन असलेल्या गुळण्यांच्या औषधाने खारट व कडू चवीत बिघाड होतो, हे सर्वज्ञात आहे. टॉन्सिलच्या खड्ड्यांत पहिले दहा-बारा दिवस जो पांढुरका थर दिसतो, तो पू नसून जखम भरण्याचा भाग असतो. त्याचीही दुर्गंधी आणि चव तोंडात राहते. पुरेसे पाणी न पिल्याने लाळ आटते आणि लाळेविना कोणताही रस रुचिकलिकेपर्यंत पोहोचत नाही. या सर्व गोष्टी तिसऱ्या आठवड्यापर्यंत निवळतात. त्यानंतरही तक्रार टिकली, तर चेतेचा विचार करावा लागतो.

जस्ताच्या गोळ्यांचा विषय इथे निघतोच. जस्ताची कमतरता असेल तर चव मंदावते आणि ती भरून काढल्यास सुधारते, हे खरे आहे. कमतरता नसताना मात्र उपयोगाचा पुरावा डळमळीत आहे. चवीच्या विकारांवर जस्त देऊन पाहिलेल्या, १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक प्रयोगात खऱ्या आणि खोट्या गोळीत फरक आढळला नव्हता. शिवाय जस्त दीर्घकाळ अधिक प्रमाणात घेतल्यास शरीरातील तांबे घटते. रक्ततपासणीशिवाय महिनोन् महिने या गोळ्या घेऊ नयेत.

चेता भरून येण्याचा वेग

रुचिकलिकेतील पेशींचे आयुष्य साधारण दहा दिवसांचे असते. त्या सतत नव्याने घडतात, पण त्यासाठी त्यांना चेतेचा आधार लागतो. चेता तुटली की रुचिकलिका सुकतात आणि चेता परत वाढली की पुन्हा उगवतात. तुटलेला चेतातंतू अनुकूल स्थितीत दिवसाला एक मिलिमीटरच्या आसपास वाढतो. नुसत्या दाबाने गप्प झालेली चेता काही आठवड्यांत जागी होते. तंतू तुटले असतील तर महिने लागतात. सहा महिन्यांत बहुतेकांची चव परतते, या आकड्यामागचा हिशेब असा आहे.

प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत सुधारणा एकदम झाली नाही. पहिल्यांदा सुधारला तो आंबटपणा. पाडव्याला, म्हणजे तिकडच्या उगादीला, शेजारच्या कन्नड कुटुंबाने दिलेला बेवु-बेल्ला, अर्थात कडुनिंब आणि गूळ, तोंडात घातला तेव्हा शस्त्रक्रियेला तीन महिने झाले होते. गूळ गोड लागला आणि कडुनिंब कडू लागला. दोन्ही वेगवेगळे ओळखता आले, याचे त्या दिवशी अप्रूप वाटले. कॉफीचा कळकटपणा मात्र आणखी चार महिने टिकला.

या काळात दोन चुका सर्रास होतात. चव कळत नाही म्हणून माणसे साखर आणि मीठ वाढवत नेतात. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांना हे महागात पडते. दुसरी चूक म्हणजे खाणेच टाकणे. नकोशी चव गरम पदार्थांत अधिक जाणवते, असे काहींना आढळते. त्यांनी दहीभात, ताक, गार खीर असे पदार्थ घ्यावेत आणि वजनावर लक्ष ठेवावे. वाळलेल्या तोंडाने जेवायला बसू नये. तीन महिन्यांनंतरही फरक नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून रीतसर तपासणी करून घ्यावी. मात्र लालभडक रक्त थुंकीतून आले, अगदी थोडे आले तरी, वाट न पाहता रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या ते दहाव्या दिवसांत असा रक्तस्राव होऊ शकतो आणि तिथे ‘होईल हळूहळू’ चालत नाही.

संमतिपत्रातील रिकामी जागा

वर्षभरात घसा सात वेळा धरणे, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा, हा टॉन्सिल काढण्यासाठी अनेक देशांत मानला जाणारा ढोबळ निकष आहे. ज्या मुलांचा झोपेत श्वास अडतो, त्यांच्यासाठी ही शस्त्रक्रिया वरदान ठरते. चवीच्या भीतीने ती टाळावी, असा सल्ला कोणी देणार नाही आणि सात वेळा तापाने फणफणलेला माणूस तो ऐकणारही नाही. प्रश्न एवढाच उरतो की ही शक्यता रुग्णाला आधी सांगायची की नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या प्रकरणात रुग्णाच्या संमतीविषयी जो निकाल दिला, त्यात उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय आणि ठळक धोके सांगणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. दूरचे किंवा केवळ तात्त्विक धोके सांगून रुग्णाला घाबरवण्याची गरज नाही, असेही त्यात म्हटले आहे. आता शंभरात एकाला उद्भवणारा कायमचा बदल हा दूरचा धोका की ठळक? आणि पहिल्या काही आठवड्यांत तिघांत एकाला होणारा तात्पुरता बदल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तरी अवघड नसावे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली माँटगोमेरी प्रकरणात वेगळा मार्ग धरला. समोरच्या विशिष्ट रुग्णाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो सांगितलाच पाहिजे, असे ते न्यायालय म्हणाले.

बंगळुरूत हा फरक पुस्तकी राहत नाही. भारतीय कॉफी मंडळाचे मुख्यालय याच शहरात आहे आणि कॉफीचा घोट जिभेवर घोळवून तिची प्रत ठरवणाऱ्यांना इथे शिक्षण दिले जाते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेत पदार्थांची चव शास्त्रीय पद्धतीने पारखणारा विभाग आहे. अशा माणसाला, किंवा एखाद्या खानावळीच्या आचाऱ्याला, सहा महिने चव बदलणे म्हणजे सहा महिने काम थांबणे. भाषांतर करणाऱ्याला ते नुसते गैरसोयीचे. धोका दोघांनाही तेवढाच आहे, त्याची किंमत मात्र सारखी नाही आणि ती किती आहे हे डॉक्टरांना आपणहून कळण्याचा मार्ग नाही.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीत आपला व्यवसाय सांगावा, पूर्वी चव किंवा वास गेला होता का ते सांगावे आणि ‘माझ्या चवीवर परिणाम होऊ शकतो का?’ असे सरळ विचारावे. उत्तर ‘क्वचित’ असे मिळेल. तेवढे जरी कळलेले असले, तरी बाराव्या दिवशी दर्शिनीत केसरी भाताची बशी हातात घेऊन माणूस आपल्याला काय झाले याचा शोध घेत उभा राहत नाही.